डाळ नको म्हणावं

माझी सहा महिन्यांची मुलगी श्वास घ्यायला धडपडत होती, काय करायचं ते विचारायला ऑफिसात फोन आला, आणि मी उलट निरोप पाठवला, "डाळ नको म्हणावं."

एवढ्यावरच कोणी मला नालायक ठरवलं तर माझी हरकत नाही. पण पुढचं ऐकलंत तर नालायकपणातही किती पोटभेद असतात ते कळेल.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, या एकाच प्रश्नावर माणसं जेवत, झोपत आणि भांडत होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी वाढलो गिरगावात. लग्नानंतर लालबाग-परळच्या सीमेवरच्या एका चाळीत खोली मिळाली म्हणून तिकडे राहायला आलो. बायको दादरची. शेजारच्या खोलीत साताऱ्याकडची एक म्हातारी, तिचा गिरणीत जाणारा मुलगा, सून आणि नातवंडं. म्हातारीला सगळी चाळ आत्या म्हणायची. चाळीतली निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्मली होती आणि उरलेल्या निम्म्यांना ती वेळोवेळी तसं ऐकवत असे. आमच्या मुलीला रोज तेल लावून न्हाऊ घालायची तीच.

लहान पोरांची छाती घरघरायला लागली, पोट भात्यासारखं उडायला लागलं की त्याला आमच्या गिरगावात 'छाती भरली' म्हणत. बायकोच्या माहेरी 'बाळदमा' म्हणत. आत्याच्या गावाकडे त्याला म्हणत 'डबा'. पोराला डबा झाला की पोटावर तापवलेल्या दाभणीचा डाग द्यायचा, हा तिकडचा उपाय. यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. मला एकच डबा माहीत होता. तीन पुडांचा, ॲल्युमिनियमचा, दुपारी साडेबाराला ऑफिसात येणारा.

आता सर्दीचं सांगतो. फोनच्या चारपाच दिवस आधी मी एका सभेला गेलो होतो. गेलो म्हणजे पार मागे उभा होतो, पळायला वाट राहील अशा बेतानं. पण घोषणा मात्र पुढच्यांच्या वरचढ दिल्या. घरी आलो तो घसा बसलेला, नाक गळणारं. तो बसका आवाज मी पदकासारखा मिरवला. चाळीत ज्याला त्याला खरखरत्या आवाजात "झालाच पाहिजे" म्हणून दाखवलं. मुलीला उचलून तिच्या गालाला नाक घासून तिलाही म्हणून दाखवलं. ती खदखदून हसली. संयुक्त महाराष्ट्रासाठी माझ्या हातून जे काही घडलं ते म्हणजे ही सर्दी, आणि ती मी प्रामाणिकपणे घरी पोचवली.

तीन दिवसांनी मुलीचं नाक वाहायला लागलं. मग खोकला. सकाळी ऑफिसला निघालो तेव्हा ती दूध ओढता ओढता सोडून देत होती.

"जरा बघता का हिच्याकडे," बायको म्हणाली. "दोन घोट घेते नि तोंड काढते."

"सर्दी आहे. नाक चोंदलं की असंच होतं," मी म्हणालो. माझं स्वतःचं नाक चोंदलेलं असल्यामुळे या विषयातला अधिकार माझ्याकडे होता.

"आज न गेलात तर? बंद आहे. सगळेच घरी आहेत."

बंद होताच. चार दिवसांपूर्वी घोषणा देणारा मी त्या बंदच्या दिवशी खालमानेनं कामावर निघालो, कारण साहेबानं आदल्या दिवशी गैरहजर राहणाऱ्यांची नावं लिहून घेईन असं सांगितलं होतं. ट्राम बंद. कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून गल्ल्यागल्ल्यांतून कोटातल्या ऑफिसापर्यंत चालत गेलो. महाराष्ट्र मिळावा असं वाटत होतंच, पण नोकरीही राहावी.

ऑफिसात आम्ही सातआठ भेकड जमलो होतो. वाहतूक बंद म्हणजे डबेही बंद. साडेबारा झाले, एक झाला. भुकेल्या कारकुनांना दुसरा विषय नसतो. कोणाच्या घरी आज काय केलं असेल यावर बोलणं चाललं होतं, तेवढ्यात आमचा शिपाई आला. मालवणकडचा, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, एका कानानं जरा कमी ऐकणारा.

"तुमच्या घराकडसून फोन इलो हा," तो म्हणाला. "कोणतरी म्हातारी बाय आसा. बोलता की बोंब मारता तां कळना नाय. डबो झालो म्हणता. डाळ देव काय, इचारता."

आमच्या चाळीच्या नाक्यावर औषधांचं दुकान होतं. तिथे टेलिफोन होता आणि बंदमध्येही त्याची एक फळी उघडी असायची. मी ऑफिसचा नंबर घरी कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला होता. आता बघा, माझ्या डोक्यात सगळं किती चोख बसलं. डबा सकाळी गेला नाही, म्हणून बायकोनं आता ताजा केला; कोणीतरी इकडे येणारा मिळाला असेल; आत्याला खाली फोनवर धाडलं; आमटी सांडेल म्हणून डाळ घालू की नको असं विचारतेय. केवढी बायकोची काळजी. मला भरून आलं.

"डाळ नको म्हणावं," मी म्हणालो. "काहीच देऊ नका म्हणावं. मी बाहेर बघतो."

शिपाई गेला. मीही गेलो. ऑफिसच्या मागच्या बोळात एक खानावळवाला पुढचं दार लावून मागच्या दारानं पुरीभाजी देत होता. ती मी उभ्याउभ्या खाल्ली. भाजीचा हळदीचा एक थेंब सदऱ्यावर पडला. तो थेंब लक्षात ठेवा, मला तो अजून दिसतो.

चारला सुटून चालत निघालो. भायखळ्यापर्यंत ठीक होतं. लालबागला पोचलो तर रस्ताभर दगड, चपला, आणि हवेत ती तिखट धुरकट जळजळ. नुकताच अश्रुधूर सोडला होता. रुमाल नळाखाली भिजवून नाकावर धरला नि बोळाबोळांतून पळालो. डोळ्यांतून धारा. खरं सांगायचं तर मनातून मी खूश होतो. सकाळचं काळं तोंड धुऊन निघाल्यासारखं वाटत होतं. घरी गेल्यावर हे कसं रंगवून सांगायचं, बायको पाणी घेऊन कशी धावत येईल, याची मी वाटेत उजळणी करत होतो.

खोलीला कुलूप होतं.

आत्या स्वतःच्या दारात बसली होती. पुढ्यात विझत आलेली शेगडी, शेजारी फरशीवर एक दाभण. तिनं माझ्याकडे वर पाहिलं नाही.

"आलास व्हय," ती म्हणाली. "तुझं नको पोचलं बरं का. शिकलेली मान्सं तुमी. आमी येडी."

"कुठे गेली ही?"

"गेली पोरीला घिऊन. हास्पिटलात. एकलीच गेली. आमचा ल्योक कामावर न्हाई म्हून लागलीच घरी असतोय व्हय, तो बी गेलाय मोर्चात."

"पण झालं काय?"

आता तिनं वर पाहिलं. "काय झालं म्हंजे? म्या सोता फोनमंदी वरडून सांगितलं की. डबा झालाय पोरीला, डाग द्यू का. पोट अस्सं उडतंय, बरगडीखाली खड्डा पडतोय. तुझा मानूस मागारी आला नि म्हनला, डाग नको म्हनत्यात. काई येक देऊ नका. भाईर बघा. म्या वर येऊन निरोप सांगितला, पर शेगडी पेटलेली हुती रे. दाभण लाल केली हुती. तरी डाग द्याया गेले, तर तुझ्या बायकूनं हात धरला माझा. म्हनली, ह्यांनी नको म्हनलंय."

डाळ आणि डाग. शिपायाला डाग हा शब्द डाळ ऐकू आला, आणि आत्याला डाळ हा शब्द डाग. टेलिफोनच्या दोन टोकांना ज्याला त्याला आपापलं ऐकू आलं होतं, आणि मध्ये मी पुरीभाजी खात होतो.

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "हां. बरं केलंत," आणि जिना उतरून पळत सुटलो.

हॉस्पिटलात वॉर्डात फक्त आयांना जागा होती, बापांना दाराबाहेरचं बाकडं. दाराला वर काच होती. त्यातून मला बायकोची पाठ दिसली, पदराला लालबागची धूळ, आणि पुढे लोखंडी पाळण्यावर ताणलेलं कापड. कापडाखाली केटलीतून वाफ सोडली होती, ऑक्सिजनची नळी आत गेली होती. मुलीचं पोट तेवढं दिसत होतं. ते उडत होतं. तसं उडणं मी कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली कातडी आत ओढली जाई, कोणी आतून धरून खेचावी तशी. ती रडत नव्हती. ज्या मुलीच्या रडण्यावर मी रोज कावत असे, तिनं आता रडावं म्हणून मी काचेवर टिचक्या मारल्या.

एक डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील.

"घरात कोणाला सर्दी होती?"

"मला."

"जवळ घेत होतात?"

"हो."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "छाती झाडासारखी समजा. खोड ठीक आहे, फांद्या ठीक आहेत. अगदी शेवटच्या काड्या असतात ना, त्या सुजल्यात. तुमच्या आमच्या नळ्यांना एवढी सूज आली तर नुसता खोकला येतो. हिच्या मुळातच सुईच्या नेढ्यासारख्या. जरा सुजल्या, त्यात चिकटा बसला, की वाटच बुजते. हवा कशीबशी आत जाते, पण बाहेर पडताना अडकते. ती शिट्टी येते ती त्याची. आत हवा कोंडून छाती फुगलीय. बोटानं वाजवली तर रिकाम्या डब्यासारखी वाजते."

डब्यासारखी. म्हणजे आत्याच्या शब्दात सगळं आधीच होतं.

"औषध?"

"ऑक्सिजन, वाफ, नाक साफ ठेवणं, थेंबथेंब दूध. बाकी वाट बघायची. दोनतीन दिवस ती न थकता श्वास घेत राहिली तर निभेल."

"आणि थकली तर?"

त्या वॉर्डाकडे वळल्या. जाता जाता म्हणाल्या, "डाग दिला नाहीत हे मात्र फार चांगलं केलंत. निम्मी मुलं येतात ती पोट भाजून घेऊन येतात. जी ताकद श्वासाला हवी ती रडण्यात जाते. तुमच्या मिसेस म्हणाल्या, तुम्ही फोनवरच नाही म्हणून सांगितलंत. शिकलेला बाप असला की फरक पडतो."

त्यांची नजर माझ्या सदऱ्यावरच्या हळदीच्या डागावर गेली असं मला वाटलं. मी ओला रुमाल त्यावर धरला.

बायको दाराशी आली. डोळे सुजलेले, धुरानं की रडण्यानं कोण जाणे. "मला काही सुचत नव्हतं हो," ती म्हणाली. "आत्यांनी दाभण तापवली तेव्हा मी म्हटलं, देऊन टाकावा, सगळे देतात. मग तुमचा निरोप आला. बाहेर बघा म्हणालात, तशी उठले. पदर भिजवून तिच्या तोंडावर धरला नि चालत आले. तुम्ही नको म्हणाला नसतात तर..."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. फार प्रौढ, जबाबदार माणसासारखा ठेवला. या सबंध हकिकतीत मला सगळ्यांत जास्त लाज वाटते ती त्या हाताची.

संध्याकाळी संचारबंदी लागायच्या आत मला घरी पिटाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बाकड्यावर. ऑफिसला गेलो नाही. साहेबानं नाव लिहिलं असेल तर लिहिलं. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून काचेतून मुलीचे श्वास मोजायला लागलो. माझा एक होईस्तोवर तिचे तीन होत. म्हटलं, हे किती कष्टाचं असतं बघू तरी. तिच्या पोटाकडे बघत तिच्या लयीत श्वास घ्यायला लागलो. मिनिटभरात बोटांना मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी बाकड्यावरून खाली बसलो तो फरशी पुसणाऱ्या आयाबाईच्या बादलीत हात घालून.

"ओ, आजारी पोरगी की तुम्ही?" आया म्हणाली. "हिथं बापांना खाट नाय मिळत."

एक मिनिट. तिचे अठरा तास झाले होते.

त्या बाकड्यावर मला एक हिशेब सुचला आणि मग तो डोक्यातून जाईना. समजा, टेलिफोन नीट ऐकू आला असता. समजा, शिपायानं सांगितलं असतं, मुलीला डबा झालाय, डाग देऊ का विचारतात. मी काय म्हणालो असतो? मी स्वतःला पुरता ओळखतो. मी म्हणालो असतो, डबा म्हणजे काय? मग म्हणालो असतो, आत्यांना माहीत असेल, त्यांना योग्य वाटेल ते करू दे. आणि पुरीभाजी खायला गेलो असतो. जाणत्या माणसावर सोपवणं हा माझा जन्माचा स्वभाव. सभेत मागे उभा राहतो तो त्याचसाठी.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायकोनं काचेपाशी येऊन हाताची चार बोटं दाखवली. मला वाटलं चार दिवस राहिले, की चार वाजता काही करणार. मी घाबरून हातवारे केले. तिनं दार किलकिलं केलं. "चार चमचे दूध घेतलं," ती म्हणाली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा भिंतीला टेकून बसली.

घरी आणली तेव्हा मुलगी वाळलेली होती, पण रडत होती. चाळभर ऐकू जाईल असं. ते ऐकत आम्ही दोघं नुसते बसून राहिलो.

माझा भाव मात्र चाळीत वधारला. ज्यानं टेलिफोनवर डाग अडवला तो माणूस. खालच्या मजल्यावरच्या बायका पोरं घेऊन येऊ लागल्या, "भाऊ, जरा छाती ऐका हो." मी गंभीर चेहऱ्यानं कान लावायचो. मला फक्त माझंच काळीज ऐकू यायचं. सगळ्यांना एकच सांगायचो, पोट उडत असेल, दूध सोडलं असेल, तर बसू नका, हॉस्पिटलात न्या. तेवढंच मला येत होतं, आणि तेवढं बरोबर होतं.

आत्या मात्र बोलत नव्हती. मुलीला न्हाऊ घालायला यायची, काम करून जायची. एकदा तेल लावता लावता, मुलीच्या कोऱ्या पोटावर हात फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "माज्या दोन पोरांना डबा झाल्ता. दोघांना डाग दिला. योक ऱ्हायला, योक गेला. ऱ्हायला तो डागानं ऱ्हायला म्हनायचं, गेला तो नशिबानं गेला म्हनायचं. दुसरं काय म्हनायचं आईनं?"

महिनाभरानं रविवारी सकाळी शिपाई घरी आला. मुलीला बघायला, हातात कुळथाच्या पिठाची पुडी. आत्या आमच्याच दारात तांदूळ निवडत बसली होती. त्यानं मुलीला मांडीवर घेतलं, तिच्या छातीतली बारीक घरघर ऐकली. ती घरघर अजून पुरती गेली नव्हती, आणि पुढे सातव्या वर्षापर्यंत प्रत्येक सर्दीला ती परत यायची. प्रत्येक वेळी आम्ही दोघं बोलणं थांबवून तिच्या पोटाकडे बघत बसायचो. चहा घेता घेता शिपाई बायकोला म्हणाला, "वैनी, एक इचारू? त्या दिसा चेडवाक इतक्या बरा नाय होता, आणि तुमी ह्येंका डाळ देव काय म्हणान फोन कसो केलात?"

"डाळ?" बायको म्हणाली. "कसली डाळ?"

"डब्यातली डाळ. ह्ये म्हणाले, डाळ नको म्हणावं, मी भायर बघतंय. म्हणान मी तसा सांगितलंय."

आत्याचा सुपातला हात थांबला. बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीतच नव्हतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग नको कशाला म्हणालात?"

"डाळीला."

तिनं शिपायाच्या मांडीवरून मुलीला उचलून घेतलं. शिपाई आपल्या हातून काय फुटलं ते न कळून बशीत बघत बसला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी त्या एका शब्दावर चालत गेले. लालबागच्या धुरातून. वाटेत दोनदा वाटलं परत फिरावं, दोनदा मनाला सांगितलं, ह्यांनी विचार करून सांगितलं असेल. आणि कळलं असतं तर? काय म्हणाला असतात?"

बाकड्यावर सुचलेलं उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी कुळथाच्या पिठाची पुडी उचलून फळीवर ठेवायला गेलो.

आत्यानं सुपातला एक खडा उचलला, जिन्याकडे भिरकावला.

"इचारतीस काय त्याला," ती म्हणाली. "समाजलं न्हाई म्हून पोरगी वाचली. समाजलं असतं तर 'द्या' म्हनला असता."